पट्टा पोटात, बदल ताटात



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एकीकडं वास्तुशांत होती. तिची नणंद मुंबईहून आली होती. पंगत बसली. नणंदबाईंनी ताटात चमचाभर भात, त्यावर वरण आणि थोडी मटकीची उसळ एवढंच घेतलं आणि ताटावर हात आडवा धरला. आता आपल्याकडं हात आडवा धरला की वाढणारीला आणखीच चेव येतो. एकीनं भाताची मूद ठेवली, दुसरीनं तूप सोडलं, तिसरी जिलबीची परात घेऊन समोरच उभी राहिली. "एवढ्यानं काय होतंय, लाजू नका." बाईंनी मान राखायला चार घास भराभरा घेतले, वर पाणी प्यायल्या, आणि पाचच मिनिटांत तोंडाला पदर लावून मागच्या दारी गेल्या.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, जेवण आवडलं नाही वाटतं. कुणी म्हणालं, मुंबईच्या माणसांना आपलं तिखट सोसत नाही. एक म्हातारी तर म्हणाली, दिवस गेलेत का बघा. बाई चौपन्न वर्षांच्या!

रात्री ओट्यावर बसलो तेव्हा ताईंनी आपणहून सांगितलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांचं वजन 118 किलो होतं. गुडघे धरलेले, रक्तात साखर, जिना चढला की धाप. मुंबईत दुर्बिणीचं ऑपरेशन करून त्यांच्या जठराभोवती पट्टा बसवला होता. "पट्टा?" आमच्यातली एक म्हणाली, "कमरेला लावतात तसला?" ताई हसल्या. म्हणाल्या, "अगं, आत पोटात आहे. मी नको म्हणते ना, तेव्हा ते खरंच नको असतं. पण आपल्या पंगतीत नकोला किंमत कुठाय?"

त्यांना विचारून, त्यांचं नाव न घेता, आम्ही आज हा विषय घेतला आहे. आम्ही काही डॉक्टर नाही. पण विषय घेतला म्हणून वाचलं, आहाराचं शिकलेल्या एका बाईंना विचारलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की या पट्ट्यामागं शंभराहून जास्त वर्षांची गोष्ट आहे.

कुणी म्हणेल, आपल्या गावात या श्रीमंती दुखण्याचं काय काम? तर एक आकडा ऐका. 2019 ते 2021 या काळात देशभर कुटुंब आरोग्याची पाहणी झाली. तिच्यात खेड्यातल्या दर 100 बायांमागं सुमारे 21 बाया हडकुळ्या निघाल्या आणि सुमारे 20 बायांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. म्हणजे एकाच आळीत, कधी कधी एकाच घरात, दोन्ही दुखणी नांदतायत. आणि जाड बाईला आपण काय म्हणतो? खाते फार, आणि काम करत नाही. ती सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं, उभ्या उभ्या भराभर गिळते, हे कुणी बघत नाही.

आता गोष्टीकडं वळू. ती सुरू होते युरोपातल्या व्हिएन्ना शहरात. तिथं थिओडोर बिलरोट नावाचे मोठे शल्यविशारद होते. 29 जानेवारी 1881 या दिवशी त्यांनी कॅन्सर झालेल्या एका बाईच्या जठराचा खालचा भाग कापून काढला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. असलं ऑपरेशन करून माणूस वाचू शकतो, असं तोवर कुणाला वाटत नव्हतं. ती बाई ऑपरेशनातून उठली, खाऊपिऊ लागली. पुढं काही महिन्यांनी त्याच रोगानं गेली, पण जठर कमी असलं तरी माणूस जेवू शकतो, हे तिच्यामुळं जगाला कळलं.

नंतर पोटातल्या अल्सरसाठी अशी ऑपरेशनं खूप झाली. त्या लोकांना जेवणाची वेगळी रीत लावून घ्यावी लागली. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं. जेवताना पाणी कमी. गोड जास्त खाल्लं की काहींना घाम फुटायचा, छाती धडधडायची, चक्कर यायची. पुढं जे नियम आपल्या ताईंच्या वाट्याला आले, त्यांतले बरेचसे या लोकांनी स्वतःच्या अंगावर काढून शोधलेले आहेत.

वजन उतरवण्यासाठी म्हणून ऑपरेशन करायचं हा विचार मात्र बराच उशिरा आला. 1954 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा इथल्या डॉक्टरांनी एक पद्धत मांडली. जठराला हातच लावायचा नाही. लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून सुरुवातीचा तुकडा थेट शेवटच्या तुकड्याला जोडायचा. म्हणजे माणसानं हवं तेवढं खावं, अंगाला लागणारच नाही! ऐकायला किती छान. वजनं खरंच उतरली. पण जुलाब थांबेनात, मुतखडे झाले, काहींचं यकृत निकामी झालं, माणसं दगावली. 1980 च्या आसपास डॉक्टरांनी ही पद्धत सोडून दिली. खाणं आहे तसं ठेवून फक्त अंगाला लागणं बंद करायचं, हा हिशोब शरीरानं मान्य केला नाही.

त्याच देशात आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे डॉक्टर होते. त्यांचं लक्ष दुसरीकडं गेलं. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढलाय, ती माणसं बारीकच राहतात, त्यांना वजन वाढवायचं म्हटलं तरी वाढवता येत नाही. मग 1966 साली मेसन यांनी चिकाशी इटो या सहकाऱ्याबरोबर जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो आतड्याला जोडला. आज ज्याला बायपास म्हणतात त्याची ही सुरुवात. 1980 मध्ये मेसन यांनीच आणखी सोपा मार्ग काढला. आतड्याला हात न लावता जठरात उभे टाचे मारून वर एक छोटी पिशवी करायची आणि तिच्या तोंडाला न ताणणारी पट्टी घालायची. हे मेसन पुढं शंभर वर्षांचे होऊन 2020 साली वारले.

आता इथं एक मजा झाली, आणि आम्हाला वाटतं या सगळ्या इतिहासातली शिकण्यासारखी जागा हीच आहे. पिशवी लहान केली, तोंड अरुंद केलं. त्यातून पोळी-भाजी, मांस हे सावकाश जायचं, पोट लवकर भरायचं. पण आइस्क्रीम? गोड दूध? चॉकलेट? ते तर सरळ वाहून जायचं. 1987 साली व्हर्जिनियातल्या शुगरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. त्यांनी लोकांच्या गोड खाण्याच्या सवयी बघितल्या, तर टाचे मारलेल्यांत गोडखाऊ माणसांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. त्यात लबाडी होती असं समजू नका. घट्ट अन्न अडकतं, दुखतं, उलटी होते, म्हणून माणूस आपोआप मऊ, गोड, पातळ पदार्थांकडं सरकतं. ज्याच्यानं त्रास होत नाही ते खावंसं वाटणारच.

हे लक्षात ठेवा, कारण पट्ट्याचंही नेमकं तेच दुखणं आहे.

पट्ट्याची कल्पना तशी सोपी. कापाकापी नको, टाचे नकोत, बाहेरूनच जठराला वरच्या बाजूला गुंडाळी घालायची. 1978 पासून वेगवेगळ्या देशांत डॉक्टरांनी जाळीचे, कापडाचे पट्टे लावून बघितले. पण ते एकदा बांधले की बांधले. सैल झाले तर उपयोग नाही, घट्ट झाले तर पाणीसुद्धा उतरत नाही. आपण बांगडी भरताना हाताचं माप बघतो, इथं आत गेल्यावर माप बदलायची सोयच नव्हती.

ती सोय केली लुबोमिर कुझमाक यांनी. मूळचे युक्रेनचे, अमेरिकेत न्यू जर्सीला डॉक्टर. 1983 पासून ते सिलिकॉनचा मऊ पट्टा वापरत होते. 1986 साली त्यांनी पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुगा बसवला. फुग्यातून एक बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाला पोटाच्या कातडीखाली बसवलेली छोटी डबी. वरून सुई टोचून डबीत मीठपाणी, म्हणजे सलाईन, भरलं की फुगा फुगतो, पट्टा घट्ट होतो. काढून घेतलं की सैल. त्याच सुमाराला स्वीडनमध्येही हालबर्ग आणि फोर्सेल यांनी असाच पट्टा तयार केला होता. बायांच्या दृष्टीनं याचा एक फायदा असा की गरोदरपणात पट्टा सैल करता येतो. पोटुशी बाई दोन जिवांचं खाऊ शकते, बाळंतपणानंतर पुन्हा हळूहळू पाणी भरायचं.

मग आले मितिकु बेलाचेव. हा माणूस इथियोपियातल्या खेड्यातला. लहानपणी गुरं राखायचा. शिकत शिकत बेल्जियमला पोचला आणि डॉक्टर झाला. 1 सप्टेंबर 1993 या दिवशी बेल्जियममधल्या हुई नावाच्या गावात बेलाचेव यांनी हा सैल-घट्ट होणारा पट्टा पहिल्यांदा दुर्बिणीतून बसवला. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणींचं कुटुंब नियोजनाचं तसंच झालंय. पोट उघडायचं नाही, बारीक भोकं पाडायची आणि काम उरकायचं. पूर्वी छातीखालपासून लांब चीर जायची. ती गेली, दवाखान्यातले दिवस कमी झाले आणि पट्टा जगभर पसरला. युरोप, ऑस्ट्रेलिया, आणि 2001 साली सरकारी परवानगी मिळाल्यावर अमेरिका. पुढं आपल्याकडं मुंबई-पुण्यातही तो बसवू लागले. घेणाऱ्यांत सगळीकडं बायकाच जास्त.

आता पट्टा बसल्यावर पोटात होतं काय ते नीट समजून घेऊ, म्हणजे त्या दिवशी पंगतीत काय झालं तेही कळेल.

अन्ननलिका जिथं जठराला मिळते त्याच्या जरा खाली हा पट्टा असतो. त्याच्यावर जठराची जी एवढीशी पिशवी उरते, तिच्यात 15 ते 30 मिलिलिटर मावतं. खोकल्याच्या औषधाचं टोपण एक-दोनदा भरा, तेवढं. घास त्या पिशवीत येतो, पट्ट्यातून हळूहळू खाली सरकतो. सरकताना वरच्या भागातल्या नसांना दाब कळतो आणि मेंदूला निरोप जातो की पुरे झालं. पण निरोप जायला वेळ लागतो. माणूस घाईत असलं तर निरोप पोचायच्या आधीच दुसरा, तिसरा, चौथा घास येऊन बसतो. मग छातीत गोळा आल्यासारखं दुखतं, तोंडाला पाणी सुटतं, फेस येतो, आणि खाल्लेलं तसंच्या तसं वर येतं. त्याला आंबट वाससुद्धा नसतो, कारण ते पोटात उतरलेलंच नसतं. आपल्या ताईंची गत तीच झाली. तुपातल्या भाताचा गोळा आणि वर तांब्याभर आग्रह.

म्हणून ऑपरेशननंतर जेवण पुन्हा पहिल्यापासून शिकतात. बाळाला उष्टावण झाल्यावर आपण जसं चढवत नेतो, तसंच. पहिले साधारण दोन आठवडे फक्त पातळ: डाळीचं पाणी, ताक, गाळलेलं सूप, घोट घोट करून. पुढचे दोन-चार आठवडे गुरगुट्या भातासारखं, घोटलेलं, चमच्यानं खायचं. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नेहमीचं घट्ट अन्न. पट्टा जागेवर नीट बसावा, उलट्यांच्या जोरानं सरकू नये, म्हणून ही पायरी-पायरीची चाल. फुग्यात पहिलं पाणीही साधारण महिना-दीड महिन्यानंतरच भरतात.

आणि एकदा घट्ट अन्नावर आलं की घट्टावरच राहायचं. पुष्कळांचा गोंधळ इथं होतो. आपल्याला वाटतं, पोट नाजूक झालंय तर पेज, खीर, शिरा असं हलकं खावं. पण पट्ट्याला घट्ट घास कळतो, पातळ कळत नाही. अर्धी वाटी उसळ सावकाश चावून खाल्ली तर तीन-चार तास भूक लागत नाही. तेच दोन वाट्या बासुंदी प्या, पट्ट्याला पत्तासुद्धा लागणार नाही आणि तासाभरात पुन्हा खायला हवं. श्रीखंड, आइस्क्रीम, गोड चहा, तोंडात विरघळणारी शेव, सगळं त्याच वाटेनं. व्हर्जिनियात 1987 ला दिसलं तेच पट्टेवाल्यांत पुन्हा दिसलं.

ताईंनी आम्हाला त्यांचा ठोकताळा सांगितला. ताटाऐवजी लहान बशी. आधी उसळ, अंडं, पनीर, मासे, डाळ, म्हणजे अंगात बळ भरणारं. मग भाजी. जागा उरली तर भाकरी. घास शेंगदाण्याएवढा. एक घास पूर्ण चावून गिळला की चमचा खाली ठेवायचा, जरा थांबायचं, मग दुसरा. वीस मिनिटांत वाटीभर होत नाही तेवढ्यात उठायचं. पाणी जेवणाबरोबर नाही, आणि जेवणानंतरही अर्धा-पाऊण तास नाही. एरवी दिवसभर घोट घोट प्यायचं. त्यांना चपातीचा गोळा होऊन अडकते, पण ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून चालते. चिकट भात नको, साबुदाण्याची खिचडी तर नकोच. शेवग्याची शेंग, संत्र्याचे पापुद्रे, मटणाचा चिवट तुकडा, यांनी त्यांना रडवलंय. आणि अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारूनच.

आमच्यातली एक म्हणाली, "घास बत्तीस वेळा चावा, हे आमचा आजा सांगायचा." सांगणारा आजा एकटाच नव्हता. ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नावावर हीच बत्तीसची गोष्ट सांगतात. आणि 1900 च्या आसपास अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचे गृहस्थ तर गावोगाव सांगत फिरायचे की घास पाण्यासारखा पातळ होईपर्यंत चावा. लोकांनी त्यांना चावण्याचे महागुरू करून टाकलं होतं. फ्लेचरांचे बाकीचे दावे अतिरेकी होते, पण सावकाश खाण्याचा मुद्दा पट्ट्यानं पुन्हा दारात आणून उभा केला. फरक एवढाच की आज्याचं ऐकलं नाही तर चालायचं, पट्ट्याचं ऐकलं नाही तर मागच्या दारी जावं लागतं.

एवढं सगळं असूनही हा पट्टा मागं का पडला? त्यासाठी दोन शहरांची तुलना करायला हवी.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पॉल ओब्रायन यांनी 1994 पासून पट्टे बसवायला सुरुवात केली. त्यांच्याकडची रीत अशी की ऑपरेशन हे कामाचं पहिलं पाऊल. माणसानं पुनःपुन्हा यायचं, काय खातो ते सांगायचं, गरजेनुसार पाणी कमी-जास्त करून घ्यायचं. लोकांना समजावं म्हणून तिथं तीन रंग वापरत. पिवळा म्हणजे भूक लागते, जेवण मोठं होतंय, पट्टा सैल आहे. हिरवा म्हणजे थोडक्यात समाधान होतंय. लाल म्हणजे उलट्या, रात्री खोकला, छातीत जळजळ, घट्ट अन्न नकोसं होणं, म्हणजे पट्टा फार घट्ट आहे. 2008 साली तिथल्या अभ्यासात नव्यानं मधुमेह झालेली 60 माणसं घेतली. निम्म्यांना पट्टा बसवला, निम्म्यांना आहार-व्यायाम आणि औषधं. दोन वर्षांनी पट्टेवाल्या 30 पैकी 22 जणांची साखर औषधाशिवाय ताब्यात होती, दुसऱ्या 30 पैकी फक्त 4 जणांची. पंधरा वर्षांनंतरही तिथल्या लोकांचं जास्तीचं जे वजन होतं, त्यातलं जवळजवळ निम्मं उतरलेलं राहिलं होतं, असं त्यांनी 2013 ला छापलं. तरी तिथंही बऱ्याच जणांना दुरुस्तीसाठी पुन्हा टेबलावर जावं लागलं, हेही त्यांनी लपवलं नाही.

दुसरं शहर ब्रसेल्स, म्हणजे बेलाचेव यांच्याच बेल्जियमची राजधानी. तिथं 1994 ते 1997 मध्ये पट्टा बसवलेल्या 151 जणांपैकी बारा-तेरा वर्षांनी 82 जण सापडले. त्या 82 पैकी जवळजवळ निम्म्यांचे पट्टे काढावे लागले होते. दर दहांतल्या सहा जणांना पुन्हा ऑपरेशन. काहींच्या जठराची भिंत घासून पट्टा आत शिरला होता. 2011 साली हे छापून आलं आणि डॉक्टरांचा विश्वास डळमळला.

तोच पट्टा, मग फरक कशाचा? सुरुवातीची बसवण्याची पद्धत वेगळी होती, तिच्यात पट्टा जास्त सरकायचा, हे एक. पण आम्हाला वाटतं दुसरं कारण मोठं आहे. पट्टा हे रोज वापरायचं अवजार आहे. शिवणयंत्र घेऊन दिलं, पण दोरा ताणायचा कसा हे शिकवलं नाही, बिघडलं तर दुरुस्तीला माणूस नाही, तर शिलाई कशी येणार? अमेरिकेत तर पट्टा वस्तूसारखा विकला गेला. लॉस एंजेलिसच्या हमरस्त्यांवर, रेडिओवर जाहिराती: बारीक व्हा, फोन करा. धोक्याबद्दल नीट काही सांगितलेलं नाही. शेवटी डिसेंबर 2011 मध्ये तिथल्या सरकारी अन्न-औषध खात्यानं जाहिरात करणाऱ्यांना आणि दवाखान्यांना इशाऱ्याच्या नोटिसा काढल्या. 2011 साली अमेरिकेतल्या वजनाच्या दर तीन ऑपरेशनांत एक पट्ट्याचं होतं. 2018 पर्यंत ते शंभरांत एकावर आलं. त्याच्या जागी जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं अरुंद करणारं ऑपरेशन आलं. आपल्याकडंही आता तेच आणि बायपास जास्त होतात.

ब्रिटनमधली एक गोष्ट सांगायचीच राहिली. फर्न ब्रिटन या तिथल्या टीव्हीवरच्या फार लाडक्या निवेदिका. त्यांचं वजन उतरलं, लोकांनी कौतुक केलं. 2008 साली बातमी फुटली की त्यांनी पट्टा बसवून घेतलाय. लोक असे चिडले, जणू बाईनं चोरीच केली. आम्हाला फसवलं म्हणे. जाड होती तेव्हा खाते म्हणून नावं ठेवली, बारीक झाली तर सोप्या वाटेनं गेली म्हणून नावं ठेवली. शेंगदाण्याएवढा घास घेऊन चारचौघांत बसायचं, सणावारी बशीभर खाऊन उठायचं, वर कारणं सांगत बसायचं, ही वाट सोपी कशी? आपल्या ताईंनी बारा वर्षं सासरच्या कुणाला सांगितलं नव्हतं, ते याच भीतीनं.

त्याची किंमत त्यांनी मोजली. पहिली तीन वर्षं त्या नेमानं मुंबईच्या दवाखान्यात जायच्या. वजन 118 वरून 84 वर आलं, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या. मग त्यांच्या यजमानांची बदली झाली, तिकडं पट्ट्याला पाणी भरणारं कुणी नव्हतं. कातडीखालच्या डबीत सुई घालायला जाणकार हात आणि खास सुई लागते, साध्या इंजेक्शनची सुई चालत नाही. सहा-सात वर्षं कुणी बघितलंच नाही. मधल्या काळात उलट्या ही सवयच झाली आणि त्रास नको म्हणून चहा-बिस्किट, आइस्क्रीम, शिरा यांवर दिवस जाऊ लागले. वजन पुन्हा 97. "मला वाटायचं, चूक माझीच आहे," त्या म्हणाल्या.

तुमच्या माहितीत कुणाच्या पोटात असा पट्टा असेल तर दोन-तीन खुणा सांगून ठेवतो. रात्री आडवं झाल्यावर खोकला किंवा आंबट पाणी वर येणं, पूर्वी जाणारं अन्न अचानक न जाणं, डबीच्या जागी लाली किंवा पू, विनाकारण पुन्हा भूक वाढणं, यांपैकी काही दिसलं तर दाखवून घ्यायचं. पाण्याचा घोटही उतरेना किंवा पोटात एकसारखं दुखू लागलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना सांगायचं की पोटात पट्टा आहे. ते सांगितलं नाही तर ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवतील. नळीच्या ऑपरेशनवाल्यांना किंवा बायपासवाल्यांना जेवणाची रीत बरीचशी हीच, पण त्यांना बी-बारासारखी जीवनसत्त्वं जन्मभर घ्यावी लागतात. बायपासवाल्यांनी साखर, गूळ फार खाल्लं तर व्हिएन्नाच्या काळातला तो घाम आणि चक्कर आजही येते.

वास्तुशांतीनंतर ताई पंधरा दिवस इथंच राहिल्या. आमच्यातल्या दोघी त्यांच्याबरोबर पुण्याला गेल्या. तिथं बेरियमचं पांढरं पाणी पाजून फोटो काढला. पट्ट्याच्या वरची पिशवी ताणून मोठी झाली होती. डॉक्टरांनी सध्या फुग्यातलं सगळं पाणी काढून घेतलंय, म्हणजे ताणलेला भाग थोडा मूळपदावर येतो का ते बघता येईल. दीड महिन्यानं पुन्हा फोटो काढून पट्टा ठेवायचा की काढायचा ते ठरेल. पाणी काढल्यापासून घास कुठं अडकत नाही आणि भूकही पहिल्यासारखी लागते. परवा फोनवर म्हणाल्या, "आता कुणी अडवणारं नाही ग. पण वाटी तीच ठेवलीये, लहान."